भावी डॉक्टरांच्या मनाची नाडी कोण पाहणार?

मावळातील शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. राब भाजलेल्या जागेत दाटीने वाढलेले भाताचे रोप उपटून खाचरात लावले की पहिले काही दिवस ते मान टाकते. तेवढ्यावरून शेतकरी रोपाला नालायक ठरवीत नाही. तो बांध पाहतो, पाणी पाहतो आणि मुळे धरेपर्यंत धीर धरतो. माणसाच्या रोपाबाबत मात्र समाजाजवळ एवढा धीर उरला आहे काय, असा प्रश्न आज वैद्यकीय शिक्षणाकडे पाहताना पडतो.

याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून मायमर वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे. डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय त्याला जोडलेले आहे. तेथून तीसेक किलोमीटरवर, लोणावळ्यात, १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेले कैवल्यधाम आहे. म्हणजे एकाच तालुक्यात एका टोकाला शरीराचे आधुनिक शास्त्र शिकवले जाते आणि दुसऱ्या टोकाला मनाच्या स्थैर्याचे प्राचीन शास्त्र प्रयोगाच्या कसोटीवर तपासले जाते. देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनावर आज जे ओझे आहे, त्याचा विचार करण्यासाठी मावळाइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

हे ओझे कसे निर्माण होते, ते आधी समजून घेतले पाहिजे. जिल्ह्याच्या गावी शाळेत नेहमी पहिला येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर आणावी. दहावीनंतरची दोन-तीन वर्षे सण नाही, खेळ नाही, नात्यातले लग्न नाही. सारे आयुष्य ‘नीट’ या एकाच परीक्षेभोवती फिरते. २०२५ मध्ये ही परीक्षा बावीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. त्या तुलनेत एमबीबीएसच्या देशातील सर्व जागा सव्वा लाखाच्या आसपास. या चाळणीतून खाली उतरलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो तेव्हा त्याच्या आजूबाजूचे सगळेच आपापल्या शाळेतले पहिले असतात. आता त्यातला कोणी तरी विसावा येणार, कोणी तरी शेवटचा येणार, हे साधे गणित आहे. परंतु हे गणित त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते.

त्यात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र यांचे प्रचंड ग्रंथ, अनोळखी परिभाषा, मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजीचा अडसर, पहिल्यांदाच घराबाहेरचे वसतिगृह आणि पाठोपाठ येणाऱ्या चाचण्या. तोंडी परीक्षेला परीक्षकांसमोर उभे राहिल्यावर रात्री तोंडपाठ असलेले उत्तर जिभेवर येत नाही. गुण कमी पडतात. घरी फोनवर काय सांगायचे, या विचाराने झोप उडते. झोप उडाल्याने पुढची चाचणी आणखी बिघडते. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी चारच संधी, हा नियमही डोक्यावर टांगलेला असतो. बुद्धीची कसलीही उणीव नसलेला विद्यार्थी अशा रीतीने सहा महिन्यांत स्वतःला मूर्ख समजू लागतो.

आकड्यांचा इशारा

ही केवळ कल्पना नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी घेतलेल्या ऑनलाइन सर्वेक्षणात २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थी, ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी आणि ७,०३५ अध्यापक सहभागी झाले होते. आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाले असल्याचे पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी सांगितले. जीवन संपविण्याचा विचार मनात आल्याचे पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी १६.२ टक्क्यांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांनी मान्य केले. असे सर्वेक्षण ऐच्छिक असते. ज्यांना त्रास आहे ते अधिक संख्येने उत्तरे देतात, हे लक्षात घेऊन या टक्केवारीला थोडी कात्री लावली, तरी उरणारे चित्र अस्वस्थ करणारेच आहे. जे उद्या समाजाची नाडी पाहणार, त्यांचीच नाडी आज कोणी पाहत नाही.

समाजाने हा प्रश्न केवळ ‘त्या मुलांचा’ समजू नये. निराशेने शिक्षण सोडणारा किंवा मन मारून पदवी घेणारा प्रत्येक विद्यार्थी म्हणजे आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या एखाद्या वाडीला न मिळालेला डॉक्टर. ज्याच्या मनात स्वतःविषयी करुणा उरली नाही, त्याच्याकडून रुग्णाविषयीच्या करुणेची अपेक्षा तरी कशी करावी?

धास्ती म्हणजे दुर्बलता नव्हे

परीक्षेची भीती मुळीच नसावी, असे कोणतेही शास्त्र म्हणत नाही. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते की थोडा ताण कामगिरी सुधारतो. मर्यादेपलीकडे गेलेला ताण मात्र तीच कामगिरी बिघडवतो, आणि काम जितके गुंतागुंतीचे तितकी ही मर्यादा लवकर येते. पुढील संशोधनाने परीक्षेच्या धास्तीचे दोन भाग वेगळे केले. एक शरीराचा : छातीची धडधड, घाम, हातांचा कंप. दुसरा मनाचा : ‘आता काय होणार, लोक काय म्हणतील’ ही अखंड काळजी. यांपैकी गुणांचे अधिक नुकसान दुसरा भाग करतो. कारण उत्तर आठवायला आणि मांडायला मनाची जी शक्ती लागते, तीच ही काळजी खाऊन टाकते. म्हणजे उत्तर न सुचणाऱ्या विद्यार्थ्याचे ज्ञान नाहीसे झालेले नसते. त्याच्याकडे जाणारी वाट अडलेली असते.

हे वर्णन भारतीय मनाला नवे वाटू नये. कुरुक्षेत्रावरील अर्जुनाने आपली अवस्था सांगताना गात्रे शिथिल झाल्याचे, तोंड कोरडे पडल्याचे, शरीराला कंप सुटल्याचे आणि गांडीव हातून निसटत असल्याचे सांगितले आहे. तो अनभ्यस्त नव्हता. धनुर्विद्येत त्याची बरोबरी करणारे फारच थोडे होते. तरीही ऐन क्षणी त्याचे मन ढळले आणि त्या विषादालाच गीतेने आपल्या पहिल्या अध्यायाचे नाव दिले. आरंभी श्रीकृष्णाने त्याला खडसावले, हे खरे. पण त्याच्या पुढचा भाग सहसा लक्षात घेतला जात नाही. तेवढ्या खडसावण्याने अर्जुन उठला नाही. ‘मी लढणार नाही’ असे सांगून तो गप्प बसला. त्यानंतर भगवंतांनी त्याचे प्रश्न ऐकले, एकेका शंकेचे निरसन केले आणि अखेरीस पूर्ण विचार करून तुला योग्य वाटेल ते कर, असे सांगून निर्णय त्याच्यावरच सोपविला. केवळ झिडकारण्याने खचलेला योद्धा उभा राहत नाही, ही शिकवण प्रत्येक घरात पूजल्या जाणाऱ्या ग्रंथातच आहे.

‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? आम्ही नाही का डॉक्टर झालो?’ असा प्रश्न ज्येष्ठ डॉक्टर विचारतात. त्यांचे कष्ट वंदनीय आहेत. परंतु त्या काळी मोठे कुटुंब होते, शेजार होता, संध्याकाळचे मैदान किंवा शाखा होती. मन मोकळे करण्याच्या या जागा विनासायास उपलब्ध होत्या. आज वसतिगृहाच्या खोलीत विद्यार्थी आणि त्याचा मोबाइल एवढेच उरतात. शिवाय त्या पिढीतही जे वाटेत गळाले, ते आज हा प्रश्न विचारायला येत नाहीत. रुग्णसेवेचे क्षेत्र कठोर आहे आणि त्यासाठी मन कणखर हवे, यात शंका नाही. पण कणखरपणा सरावाने येतो, अपमानाने नव्हे.

योगाचा आधार आणि त्याची मर्यादा

दुसरे एक उत्तर राष्ट्रीय विचारांच्या वर्तुळात सहज दिले जाते : ‘योग करा, सारे ठीक होईल.’ या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. स्वामी कुवलयानंदांचे उदाहरण येथे मार्गदर्शक ठरेल. योगाची थोरवी केवळ भाषणांतून सांगण्यावर त्यांनी समाधान मानले नाही. उड्डियान आणि नौली करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी उपकरणांच्या साहाय्याने मोजले आणि ‘योगमीमांसा’ हे संशोधनाला वाहिलेले नियतकालिक १९२४ मध्येच सुरू केले. योगावर श्रद्धा आणि मापनाचा आग्रह, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

तीच दृष्टी आज हवी. सावकाश, दीर्घ श्वसनाने हृदयाची गती उतरते आणि शरीराची धडधड आटोक्यात येते. रोजच्या आसन-प्राणायामाने झोप आणि एकाग्रता सुधारण्यास हातभार लागतो. धास्तीच्या शारीरिक भागावर हा उत्तम उपाय आहे. मनातल्या काळजीसाठी मात्र विचारांची तपासणी करायला शिकवणारा प्रशिक्षित समुपदेशक हवा. अभ्यासाची पद्धतच चुकत असेल तर तीही सुधारायला हवी. तेच पान पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारल्याने ज्ञान अधिक काळ टिकते, असे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी प्रयोगाने दाखविले; गुरुकुलातील पाठांतर, उजळणी आणि प्रश्नोत्तरे यांची परंपराही याच दिशेची होती. आणि नैराश्याचा आजार जडला असेल, जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले पाहिजे. मधुमेहाच्या रुग्णाला सूर्यनमस्कार सांगताना त्याचे औषध कोणी बंद करीत नाही. मनाच्या आजाराला वेगळा न्याय कशासाठी?

गुरूचेही दायित्व

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हिपोक्रेटसच्या शपथेऐवजी महर्षी चरक शपथेची शिफारस केली. आपल्या परंपरेचा हा गौरव स्वागतार्हच आहे. मात्र परंपरा स्वीकारायची तर ती पूर्ण स्वीकारली पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिष्याच्या उपनयनाचा अध्याय आहे. तेथे शिष्यावर अनेक बंधने घातली आहेत. पण लगेच गुरूही स्वतःला बांधून घेतो. शिष्य नीट वागत असताना मी त्याच्याकडे अन्यायाने पाहिले तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो, अशा आशयाचे वचन तो देतो. शिष्याच्या नम्रतेची महती गाणाऱ्यांनी गुरूचे हे वचन विसरता कामा नये. चुकीच्या उत्तराबद्दल रुग्णांसमोर पाणउतारा करणे, गुणांवरून हिणवणे, किंवा जन्म, भाषा, प्रवेशाचा प्रवर्ग यांवरून टोमणे मारणे, हे या वचनाशी द्रोह करणारे आहे. समरसतेची भाषा करणाऱ्यांनी तर याविरुद्ध सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे.

कायद्यानेही आता हे दायित्व अधोरेखित केले आहे. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून विद्यार्थ्यांना जाहीर लज्जित करू नये आणि साहाय्य क्रमांक वसतिगृहांत ठळकपणे लावावेत, असे त्यात सांगितले आहे. आयोगाच्या कार्यगटानेही निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांच्या आत ठेवण्याची आणि एक दिवस सुटी देण्याची शिफारस केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. विद्यार्थी समुपदेशकाकडे जात नाहीत, याचे पहिले कारण हेच असते की आपली गोष्ट विभागप्रमुखांच्या कानावर जाईल, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून समुपदेशक परीक्षेचे गुण देणाऱ्या अध्यापकांपैकी नसावा आणि त्याची खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी नसावी. कागदावरची नेमणूक आणि विश्वासाची जागा यांत एवढे अंतर असते.

प्रेरणेचा झरा

धास्ती दूर केल्याने प्रेरणा आपोआप येत नाही. सभागृहात वर्षातून एक प्रेरक व्याख्यान ठेवल्यानेही ती येत नाही. टाळ्यांचा आवाज विरण्यापूर्वीच ती ओसरते. गुण, क्रमांक आणि पुढे मिळणारे उत्पन्न यांवर उभी असलेली प्रेरणा पहिल्या अपयशात कोसळते. आपले ज्ञान कोणाच्या तरी उपयोगी पडते, हे प्रत्यक्ष पाहिलेल्याची प्रेरणा टिकते.

डॉ. केशव बळिराम हेडगेवार हेही एकेकाळी वैद्यकीय विद्यार्थी होते. १९०२ च्या प्लेगात आई-वडिलांचे छत्र हरपलेला हा तरुण १९१० मध्ये नागपूरहून कोलकात्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात गेला. तुटपुंज्या साधनांत शिक्षण पूर्ण करीत असतानाच १९१३ मध्ये दामोदर नदीच्या पुरात त्याने मदतकार्यात भाग घेतला. परीक्षा हे त्याच्या जीवनाचे साध्य नव्हते, साधन होते. म्हणूनच परीक्षेचा बोजा त्याला दडपू शकला नाही. प्रत्येक विद्यार्थी असा लोकोत्तर नसतो, हे मान्य. पण साध्य आणि साधन यांतील हा भेद साध्या विद्यार्थ्यालाही कळू शकतो.

त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. वैद्यकीय अभ्यासक्रमात आलेल्या कुटुंब दत्तक कार्यक्रमानुसार विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा असतो. तो हजेरीपुरता उरकला तर आणखी एक ओझे होईल. मनापासून केला तर औषध ठरेल. पवन मावळातल्या एखाद्या घरी ज्या आजीचा रक्तदाब दर भेटीत आपण मोजतो, ती आपली वाट पाहते, हे कळलेल्या विद्यार्थ्याला शरीरक्रियाशास्त्राचे तेच पान वेगळे दिसू लागते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना सेवाप्रकल्पांवर घेऊन जाणाऱ्या ‘सेवांकुर’सारख्या उपक्रमांचे मर्मही हेच आहे.

समाजाचे कर्तव्य

सारा भार महाविद्यालयांवर टाकून समाजाने मोकळे होणे योग्य नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या गावांतील सुसंस्कृत कुटुंबांनी ठरविले तर वसतिगृहातील किती तरी मुलांना महिन्यातून एका रविवारी घरचे जेवण आणि घरची ऊब मिळू शकेल. दिवाळीला गावी जाऊ न शकलेला विद्यार्थी कोणाच्या तरी घरी फराळाला बसेल. अशा घरी त्याला गुण विचारू नयेत. उपदेशही करू नये. तो बोलू लागला तर ऐकावे. त्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा जाणवला तर ‘असे बोलू नये’ म्हणून विषय मिटवू नये. त्याला एकटे न सोडता तज्ज्ञाची मदत मिळवून द्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर तेथे विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे.

कैवल्यधाम आणि तालुक्यातील वैद्यकीय शिक्षण यांची सांगड घालता आली तर फार मोठे काम होईल. एका वर्गाला वर्षभर श्वसन, योगनिद्रा, अभ्यासाच्या पद्धती आणि समुपदेशन यांची एकत्रित जोड द्यावी. आरंभी आणि अखेरीस त्यांची झोप, धास्ती आणि गुण मोजावेत. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करावेत. स्वामी कुवलयानंदांच्या कार्याचे याहून चांगले स्मरण दुसरे कोणते असेल?

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे काम आई-वडिलांचे आहे. आठवड्याच्या फोनवर ‘किती गुण पडले?’ हा पहिला प्रश्न असतो. त्याऐवजी ‘जेवलास का, झोप झाली का, कोणाशी बोलतोस का?’ असे विचारून पाहावे. एक परीक्षा हुकली तरी या घराचे दार तुझ्यासाठी बंद होणार नाही, हे वाक्य मुलाला गृहीत धरायला लावू नये. ते स्पष्टपणे, एकदा तरी, त्याच्या कानांवर घालावे. या एका वाक्याने जे साधते, ते साऱ्या शिकवण्यांच्या शुल्काने साधत नाही.

राष्ट्राला निरोगी करण्याचे काम ज्यांच्या हाती द्यायचे, त्यांची मने आधी निरोगी राखणे हे राष्ट्रकार्यच आहे. मावळच्या खाचरात रोप मान टाकते तेव्हा शेतकरी बांधावर उभा असतो. वसतिगृहातल्या मुलांच्याही बांधावर कोणी तरी उभे आहे, एवढा विश्वास समाजाने त्यांना दिला पाहिजे.